फादरांचा बांगडा

रत्नागिरीत दोन बायका रस्त्यात भेटल्या की "आज काय?" असं विचारतात. त्यातलं 'काय' म्हणजे मासे, हे कुणाला सांगावं लागत नाही. समोरची 'बांगडे' म्हणते, 'कोलंबी' म्हणते, अगदीच ओढग्रस्त असेल तर 'पेडवे' म्हणते. "काय नाय गो, आज शिवराक" असं सांगायची वेळ आलीच तर आवाज आपोआप खाली जातो. शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण. लग्न होऊन मी वसईकडून या गावात आले तेव्हा हा शब्द पहिल्यांदा सासूबाईंच्या तोंडून ऐकला. त्या तो ज्या सुरात उच्चारायच्या त्यावरून मला वाटलं, शेजारी कुणी आजारी आहे.

आमची ख्रिस्ती घरं तीस-पस्तीस. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावली की तो सुरू होतो. या दिवसांत शुक्रवारी मांस खायचं नाही, असा चर्चचा नियम. मांस म्हणजे मटण, कोंबडी. मासा त्यात धरत नाहीत. हा नियम ज्या कुणी केला तो रत्नागिरीच्या बाजारात कधी आलेला नसणार. आम्ही मात्र तो अगदी काटेकोर पाळायचो. दर शुक्रवारी सासूबाई सकाळीच बाजार गाठायच्या, मटण खायचं नाही म्हणून सुरमई नाहीतर पापलेट आणायच्या, आणि जेवताना म्हणायच्या, "देवासाठी एवढं तरी करूक हवं." मीही मान डोलवून दुसरी तुकडी वाढून घ्यायची. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने बाहेर. त्यामुळे घरात देवासाठी करणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

शतक संपायला आलं होतं त्या सुमारास आमच्याकडे नवे फादर आले. नगरकडचे, तिशीही न गाठलेले, चर्चची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर पडलेली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस. चर्चच्या मागे त्यांचा बंगला; आम्ही बंगला म्हणायचो, पण होत्या दोन खोल्या आणि मागे पडवी. स्वयंपाकाला कुणी ठेवलेलं नव्हतं, म्हणून एकेका घरातून पाळीपाळीने दुपारचा डबा जायचा. रत्नागिरीत पाहुण्याला डबा द्यायचा म्हणजे त्यात काय असणार ते सांगायला नको. ज्या घरी एरवी पेडव्यांवर भागायचं त्या घरातूनही फादरांच्या पाळीला सुरमई निघायची. डबा घासूनपुसून परत यायचा आणि फादर म्हणायचे, "छान होतं." आम्ही खूश. चर्चच्या आवारातलं मांजर त्या सहा महिन्यांत इतकं गलेलठ्ठ झालं की त्याला गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढता येईना. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं एवढ्या घरांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला बरीच हुशार समजते.

मग राखेचा बुधवार आला. संध्याकाळची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, चर्च भरलेलं. फादरांनी प्रवचनाला सुरुवातच अशी केली: "शुक्रवारी तुम्ही मटण सोडता. पण मला सांगा, तुम्हाला मटण आठवतं तरी का?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. फादर म्हणाले, जे सोडताना काही तुटत नाही ते सोडण्यात अर्थ नाही. ज्याला जे सोडवत नाही ते त्याने सोडावं. ज्याला जे नकोसं वाटतं ते त्याने जवळ करावं. आणि केलं ते मिरवू नये, चारचौघांना कळलेला उपवास वाया गेला. इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलत होत्या. त्यानंतर ते म्हणाले, "या वर्षी आपण चाळीस दिवस मासे सोडू या. कोण तयार आहे? हात वर करा."

मिरवू नका म्हणून दोन वाक्यंही झाली नव्हती आणि हे हात वर करायला सांगत होते. पण माणूस नवखा होता. जो तो आपापल्या चपलांकडे बघत होता. एवढ्यात पहिल्या बाकावरून एक हात सरळ वर गेला. तो आमच्या सासूबाईंचा होता.

सासूबाईंचा डावा कान अधू. फादर उभे होते डावीकडे. दुसऱ्या दिवशी डब्याची पाळी आमची होती. फादर काहीतरी विचारतायत आणि कुणी उत्तर देत नाही, म्हणजे उद्या डबा कुणाकडून हेच विचारत असणार, असा त्यांनी हिशेब केला. हात वर ठेवूनच त्या मोठ्याने म्हणाल्या, "आमच्याकडून, फादर."

फादरांचे डोळे भरून आले. "बघा," ते म्हणाले, "या वयात." सासूबाईंना या वयात डबा द्यायचं एवढं कौतुक का, ते कळेना, पण कौतुक कुणाला नको असतं. त्यांनी हात आणखी ताणला. आता पलीकडच्या बाकावरच्या मास्तरांना गप्प बसवेना. हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, गायनवृंदाचे प्रमुख, आणि चर्चमध्ये सासूबाईंच्या मागे राहणं त्यांना कधी मानवलं नाही. त्यांनी हात वर केला. मास्तरांनी केला म्हणून गायनवृंदाने केला, गायनवृंदाच्या बायकांनी नवऱ्यांना कोपराने ढोसलं, आणि बघता बघता अख्ख्या चर्चने मासे सोडले.

घरी येताना वाटेत मी सासूबाईंना सांगितलं की त्यांनी नेमकं काय कबूल केलंय. त्या चिऱ्याच्या गडग्यावर बसल्याच.

"मासं? चाळीस दीस?"

"चाळीस."

"आणि तू गप रवलंस?"

"मला काय माहीत, आई. मला वाटलं तुम्हाला साक्षात्कार झाला."

त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. माघार घ्यावी तर मास्तर हसणार, आणि मास्तरांनी हसण्यापेक्षा त्या उपाशी मेल्या असत्या. रविवारी उपवास धरत नाहीत, एवढी एक फट त्यांनी शोधली होती. पण मास्तरांनी रविवारीसुद्धा पाळणार असं जाहीर केल्यावर तीही बुजली.

पाचव्या दिवशी जेवताना वांग्याच्या भाजीला ओळखीचा वास आला. मी वांगं बाजूला सारलं. खाली सोडे होते.

"आई, यात सोडे आहेत."

"मग?"

"सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी."

"कोलंबी वली असते तंवर मासा," सासूबाई म्हणाल्या. "सुकली की तो मसाला. वांगी शिवराकच हायत."

मी त्यावर विचार केला, आणि विचार करता करता भाजी परत वाढून घेतली. त्यानंतर आमच्या घरात सोड्यांची वांगी, सोड्यांची भेंडी, एकदा तर सोड्यांचे पोहेसुद्धा झाले. फादरांच्या डब्यात मात्र सासूबाई अस्सल शिवराक द्यायच्या: दुधी, आमटी, पिठलं, भाकरी. "त्यास कशाक पापात घालूचा," असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कारकून होते. आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. उपवासकाळाच्या पाचव्या शुक्रवारी डब्याची पाळी आमची आली आणि मी भर दुपारी डबा घेऊन निघाले. बंगल्याचं पुढचं दार बंद होतं, म्हणून मागे गेले. पडवीची खिडकी उघडी. आत फादर पाठमोरे बसलेले, समोर ताटली, ताटलीत तळलेला अख्खा बांगडा, डोक्याशेपटासकट. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एक मोठा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

मी डबा पायरीवर ठेवला आणि मांजरापेक्षा हलक्या पावलांनी मागे फिरले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला माहेरी सगळे सांगायचे. सासरीही कळलं होतं, पण एवढा मोठा तीळ आजवर कधी हाती लागला नव्हता. खरं सांगायचं तर मला राग आलाच नाही. मला झाला तो निव्वळ आनंद.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण खाय बांगडा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला तीन वेळा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. डोकं होतं का? होतं. रव्यात तळलेला की नुसता? मला नीट दिसलं नव्हतं, पण मी रव्यात म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी क्रुसाची वाट होती. भिंतीवर चौदा चित्रं असतात. एकेका चित्रापुढे थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची आणि पुढे सरकायचं. फादर सगळ्यांत पुढे, हातात पुस्तक. बाहेर रस्त्याने शिमग्याची पालखी चालली होती आणि ढोल असे वाजत होते की शेजारचा काय म्हणतो ते कळायला त्याच्या कानाशीच तोंड न्यावं लागत होतं. पहिल्या चित्राशी सासूबाई गायनवृंदातल्या एकीच्या कानाशी लागल्या. तिसऱ्याशी बातमी मधल्या रांगेत होती. सातव्याशी बायकांकडून पुरुषांकडे गेली. नवव्याशी मास्तरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी डोळे मिटून होकार दिला. चौदाव्याशी फादरांनी पुस्तक मिटून मागे पाहिलं, तेव्हा अख्खी मंडळी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आपल्या प्रार्थनेचा परिणाम झाला असं त्यांना वाटलं असावं, कारण ते प्रसन्न हसले.

मग मास्तरांनी बिशपांना लिहायच्या पत्राचा मसुदा केला. अक्षर मोत्यासारखं, भाषा त्याहून भारी. भाविकांना उपाशी ठेवून स्वतः मत्स्याहार करणाऱ्या धर्मगुरूंची अन्यत्र बदली व्हावी, असा मजकूर. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर सगळ्यांनी बाजूच्या हॉलमध्ये जमायचं आणि सह्या करायच्या. सगळ्यांत वर माझी सही, कारण डोळ्यांनी पाहिलेली मी एकटी. तिशीतल्या बाईची सही मास्तरांच्या वर येणार म्हणून मी दोन दिवस भलतीच ताठ चालत होते. त्या पत्राने एका माणसाची पहिलीच नेमणूक बदनाम होऊन संपणार होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ते मला एखाद्या दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीसारखं वाटत होतं.

मास्तरांनी एक शंका काढली: मासा आला कुठून? डबे तर शिवराक जात होते. याचा छडा लावायचं मी आपणहून अंगावर घेतलं. चर्चच्या मागे गडग्याला लागून एका मुसलमान कुटुंबाचं घर होतं. त्या घरातले पुरुष आखातात, घरी फक्त चाची. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट फादरांच्या पडवीकडे. झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी बारा वाजता मी लिंबाचं लोणचं मागायच्या निमित्ताने चाचींकडे गेले. तव्यावर बांगडा होता.

"हा कुणासाठी, चाची?"

"तुमच्या फादरसाठी. माझा आज रमजानातला राहिलेला रोजा आहे."

म्हणजे चोर सापडला. मी पुढचं विचारणार तोच फादर मागच्या दाराने येऊन ताटली घेऊन गेले. मी दाराआड झाले. चाची मला खिडकीशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बघ आता. पण हसू नको हां. मी पैल्या दिशी हसलेव, त्याचा मला अजून वायट वाटता."

फादर बसले. त्यांनी क्रुसाची खूण केली. बांगड्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर पाहिलं. डाव्या हाताने नाक धरलं, उजव्याने तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि वर घटाघट पाणी प्यायले. काटा कसा काढायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. जिभेवर आलेला काटा दोन बोटांनी ओढून काढताना डोळ्यांतून पाणी येत होतं. अर्धा बांगडा झाल्यावर ते उठून पडवीच्या कठड्याला धरून उभे राहिले, आणि पुन्हा येऊन बसले. शेवटचा तुकडा संपेपर्यंत हे चाललं. आणि मी? मी पदर तोंडात कोंबून हसत होते. पाच मिनिटं मी अशी हसले की चाचींना माझ्या पाठीवर हात फिरवावा लागला. मग फादरांनी ताटली धुतली, पुसली, आणि माझं हसू एकाएकी कुठे गेलं ते मला कळलं नाही.

चाचींनी सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यातच फादर गडग्याशी आले होते. म्हणाले, चाची, माझी पंचाईत झाली. मला माशाचा वास जन्मात सहन झाला नाही, सहा महिने मी डबे मांजराला घालतोय. आता मी लोकांचे मासे सोडवले आणि रोज मला पिठलं-भाकरी मिळू लागली. त्यांचा उपास आणि माझी मेजवानी. तेव्हा सगळ्यांत जास्त वासाचा मासा कुठला, तो मला दर शुक्रवारी द्या. आणि कुणाला सांगू नका.

"मी म्हटलं बांगडा," चाची म्हणाल्या. "औषध घेताना पण असा माणूस मी बगला नाय. तू कुणाला बोलू नको गो. मी शब्द दिलाय त्यास." आणि लिंबाचं लोणचं त्यांनी माझ्या हातात दिलं, ते मी विसरूनच गेले होते.

घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही. असं माझ्या आयुष्यात प्रथमच होत होतं. मला माझी लाज वाटत होती, सरळ सांगते. सांगितलं ते खोटं नव्हतं, बांगडा होताच, आणि तरी माझ्याएवढं मोठं खोटं त्या गावात कुणी बोललं नव्हतं. रवा तर मी पदरचाच लावला होता.

शनिवारी ईस्टरच्या आधीच्या कबुलीचा दिवस होता. ईस्टरपूर्वी प्रत्येकाने आपली पापं फादरांना सांगायची असतात, आणि आमच्या गावात फादर एकच. ज्याची चहाडी केली त्याच्याच कानात ती कबूल करायची, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. मी रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिले, आणि फादर बसतात त्या जाळीपलीकडे आवाज ओळखू येऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरला.

"फादर, मी एका माणसाविषयी गावभर सांगितलं की तो मासा खातो."

जाळीपलीकडची खुर्ची करकरली.

"खातो का तो?"

"खातो."

"मग खोटं कुठे बोललात?"

"खोटं नाही बोलले, फादर. तो कसा खातो ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं. आता पाहिलं."

मग मी घाईघाईने म्हणाले, "उद्या मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकते. तो का खातो ते."

"नको." एवढ्या झटकन फादर कधी बोललेले मी ऐकले नव्हते. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तीन वेळा नमो मरियाची प्रार्थना म्हणा. आणि आधी जे सांगितलंत त्यात आता भर घालू नका."

"खऱ्याचीसुद्धा?"

"खऱ्याचीसुद्धा. त्या माणसानं काही ठरवून गुपचूप केलं असेल, तर ते त्याचं त्याच्याकडे राहू द्या." आणि मी उठता उठता ते म्हणाले, "बाई, रुमाल काढा आता. गुदमराल."

रविवारी झावळ्या हातात घेऊन आम्ही चर्चला फेरी घातली, मिस्सा झाली, फादर बंगल्यावर गेले आणि मंडळी हॉलमध्ये जमली. मास्तरांनी पत्र वाचलं. मग पेन माझ्यासमोर धरलं. रात्रभर मी यावर तोड शोधत होते आणि मला ती सापडली नव्हती. खरं सांगावं तर त्यांचं गुपित मोडतं, गप्प बसावं तर पत्र जातं.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"तू पाहिलंस की नाही?"

"पाहिलं."

"बांगडाच होता ना?"

"बांगडाच होता."

"मग?"

मग मला काय झालं ते ठाऊक नाही. मी म्हणाले, "मास्तर, आधी आमच्या घरचं लिहा. आमच्याकडे चाळीस दिवसांत नऊ वेळा सोड्यांची वांगी झाली. चार वेळा भेंडी. एकदा पोहे. ते सगळं वर लिहा, त्याखाली फादरांचा बांगडा लिहा, मग मी सही करते."

हॉलमधले सगळे पहिल्या बाकाच्या मालकिणीकडे बघू लागले. जिच्या हातामुळे सगळ्या गावाने मासे सोडले, तिला मी तिच्याच लोकांत उघडं पाडलं होतं. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, आज संध्याकाळी मी वसईच्या एसटीत असणार. त्या उठून उभ्या राहिल्या.

"सोडे शिवराकच," त्या म्हणाल्या. "कुणाला काय म्हणायचा आसल तर म्हणा."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, ते खरंच आहे, आणि तिसऱ्यांनाही मासा म्हणत नाहीत, त्या शिंपल्या. कुणाकडे सुकटीची चटणी झाली होती, ती तर तोंडीलावणं. एकाने सुक्या बोंबलाला पापड म्हटलं. मास्तर गंभीर चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत असताना त्यांची बायको हळूच म्हणाली, "आमच्याकडं जवळा व्हता. यांनीच आणलेला." त्यावर जे हसू फुटलं ते हॉलच्या पत्र्यापर्यंत गेलं. मास्तरांनी पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवून दिली. ते पुन्हा कुणी पाहिलं नाही.

मी मनात म्हटलं, सुटलो. सासूबाई अजून उभ्याच होत्या.

"मेला एकटा जीव," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "एवढी आवड माशाची, आणि चाळीस दीस आमी त्यास दुधी घातला. चोरून खायची पाळी आणली त्यावर. ईस्टरला त्याची हौस पुरी करूया."

सगळ्यांना पटलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. भर घालू नका, असं मला सांगितलेलं होतं.

ईस्टरच्या दुपारी फादरांच्या पडवीत बावीस डबे होते. मी मोजले. सुरमई, पापलेट, हलवा, कोलंबी, भरलेले बांगडे, बांगड्यांचं तिरफळ घातलेलं कालवण. तीस घरांची माणसं आवारात गोळा झाली होती आणि सगळ्यांना आपण फार मोठं मन केल्यासारखं वाटत होतं. फादर बाहेर आले. त्यांनी डबे पाहिले, मग माणसं पाहिली. सासूबाईंनी स्वतः ताट वाढलं, सगळ्यांत मोठा बांगडा त्यात ठेवला आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "खावा, फादर. लाजू नका. आमास सगळा कळलाय."

फादरांची नजर गर्दीवरून फिरली आणि माझ्याजवळ न थांबता पुढे गेली. कबुलीत ऐकलेलं नजरेनेसुद्धा ओळखायचं नसतं, आणि त्यांनी ते पाळलं. या वेळी त्यांना नाक धरता येत नव्हतं. उपवासकाळ संपलेला होता, त्यांच्यावर आता कसलीही सक्ती नव्हती. त्यांनी तुकडा मोडला, खाल्ला, काटा हळूच बाजूला ठेवला आणि दुसरा तुकडा मोडला. सासूबाईंनी विचारलं, "कसा झालाय?"

"छान झालाय," फादर हसत म्हणाले.

पुढची तीन वर्षं, त्यांची बदली होईपर्यंत, एकही डबा माशाशिवाय गेला नाही. आमच्या पाळीला मी वरच्या पुडात सासूबाईंना दिसेल असा मासा ठेवायची आणि खालच्या पुडात पिठलं. पण आमची पाळी महिन्यातून एकदाच यायची. ईस्टरच्या दिवशी भर मंडळीत एक धर्मगुरू धडधडीत खोटं बोलले, आणि तीन वर्षं बोलत राहिले. ते पाप त्यांनी कुठल्या गावच्या फादरांकडे कबूल केलं असेल मला ठाऊक नाही. पण त्यातलं अर्धं माझं होतं, आणि ते मी अजून कुणापाशी कबूल केलेलं नाही.